आधी जिना, मग मजले

झुरिकमध्ये ओरियॉन नावाची एक कार्यालयीन इमारत होती. तिला बाहेरच्या अंगाने एक पोलादी जिना होता. दिसायला काही विशेष नाही. अशा जिन्यावर फोनवर बोलायला किंवा सिगरेट ओढायला आलेली माणसंच काय ती थांबतात. पुढे इमारत पाडायची ठरली. अशा जिन्याचं काय होतं ते आपल्याला पाठ आहे: गॅस कटर येतो, पायऱ्यांचे तुकडे पडतात, तुकडे ट्रकमध्ये आणि ट्रक वजनकाट्यावर. स्वित्झर्लंडमध्येही बहुतेक वेळा हेच होतं. हा जिना मात्र मोडला नाही, उतरवला गेला. झुरिकपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या विंटरथूर शहरात एका जुन्या कारखान्याच्या डोक्यावर तीन नवे मजले चढत होते, त्या मजल्यांना तो जोडला गेला.

खरं तर मजलेच जिन्याला जोडले गेले, असं म्हणायला हवं.

जिन्याचं गणित हट्टी असतं. समजा, एका पायरीची उंची १७ सेंटिमीटर आणि एका मजल्याला २० पायऱ्या. म्हणजे मजल्यापासून मजल्यापर्यंत बरोबर ३ मीटर ४० सेंटिमीटर. नवा मजला साडेतीन मीटरचा काढलात, तर वरचे दहा सेंटिमीटर कुठून आणणार? एकच पायरी उंच केली तर माणूस नेमका तिथे अडखळतो, कारण आपण जिना डोळ्यांनी नाही, पायांनी चढतो. सगळ्या पायऱ्या अर्धा अर्धा सेंटिमीटर उचलायच्या म्हटलं तर जिना नवाच करावा लागेल. विंटरथूरच्या वास्तुविशारदांनी जिन्याशी भांडण केलं नाही. तो जसा आहे तसा घेतला आणि मजल्यांची उंची त्याला विचारून ठरवली. एरवी इमारत जिन्याला माप देते. इथे जिन्याने इमारतीला दिलं.

या इमारतीचं नाव के.११८. 'के' म्हणजे जर्मन भाषेतला 'कोप्फबाउ', शेडच्या टोकाची, डोक्याची इमारत. ११८ हा शेडचा जुना कारखान्यातला क्रमांक. २०२१ साली ती पूर्ण झाली. तिचा सांगाडा, खिडक्या, दर्शनी पत्रे, जिना असं बरंच काही पाडायला निघालेल्या दुसऱ्या इमारतींमधून आलेलं आहे. पाडण्याआधी सामान वाचवणं म्हणजे चार दारं आणि दोन बेसिन कुणाला तरी देऊन टाकणं, एवढीच माझी समजूत होती. या प्रकरणाने ती मोडली, म्हणून ते जरा तपशिलात लिहितो आहे.

सुल्झरचं गाव

विंटरथूर हे नाव आपल्या कानाला अनोळखी, पण इचलकरंजीत 'सुल्झर' म्हणून बघा. धोट्याशिवाय चालणारे ते रुंद पन्ह्याचे माग तिथे सगळ्यांना माहीत आहेत. युरोपातल्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने सुल्झर माग आपल्या कारखानदारांनी आणले, बसवले आणि त्यांच्यावर कापड काढलं. ती सुल्झर कंपनी मूळ विंटरथूरची. १८३४ साली सुरू झालेली ओतशाळा पुढे बाष्पयंत्रं, डिझेल इंजिनं, पंप असं करत केवढी तरी वाढली. ज्या गावची यंत्रं दुसऱ्या हाताची होऊन पंचगंगेच्या काठावर नांदली, त्याच गावात दुसऱ्या हाताच्या सामानाची इमारत उभी राहावी, हा योगायोग मला फार आवडतो.

विसाव्या शतकाच्या शेवटी सुल्झरचं तिथलं उत्पादन आटलं आणि शहराच्या ऐन मध्यात, रेल्वे स्टेशनच्या शेजारी, शेडच्या शेड रिकाम्या पडल्या. परळच्या गिरण्यांची आठवण यावी असाच प्रसंग. १९९२ च्या स्पर्धेत फ्रेंच वास्तुविशारद ज्याँ नूव्हेल यांचा मोठा आराखडा निवडला गेला. त्याला पैसा घालणारे मिळाले नाहीत आणि तो कागदावरच राहिला. दरम्यान रिकाम्या शेडमध्ये कमी भाड्याने लोक येऊन राहिले: कारागीर, कलाकार, छोटे उद्योग, वास्तुशास्त्राची शाळा. परळमध्ये हा मधला काळच मिळाला नाही. तिथे टॉवर लवकर आले.

या आवाराच्या एका भागाला लागरप्लाट्झ म्हणतात. शब्दाचा अर्थच 'सामान साठवायची जागा'. तिथल्या भाडेकरूंनी एकत्र येऊन, आहे ते राखून पुढे नेईल असा मालक शोधला. तो मिळाला बासेलच्या 'आबेंडरोट' या संस्थेच्या रूपात. ही संस्था म्हणजे निवृत्तिवेतनाचा निधी सांभाळणारी एक प्रतिष्ठान. २००९ साली तिने लागरप्लाट्झ विकत घेतला. निवृत्तिवेतनाचा पैसा तीस-चाळीस वर्षांचा विचार करून लावलेला असतो. तीन वर्षांत फ्लॅट विकून मोकळा होणारा मालक अशा प्रयोगाला उभा राहिला नसता. के.११८ बद्दल लिहिणारे बहुतेक जण पोलाद आणि खिडक्यांबद्दल लिहितात, मालकाबद्दल कमी. माझ्या मते अर्धं काम मालकाने केलं.

शिकारी

उरलेलं काम 'बाउब्युरो इन सिटू' या कार्यालयाचं. बार्बरा बूझर आणि एरिक होनेगर यांनी ते १९९८ साली सुरू केलं. बूझर यांनी तरुणपणी काही वर्षं आफ्रिकेत काम केलं होतं. परत आल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी बासेलमध्ये एक पेढी काढली: पाडायच्या घरांतून दारं, खिडक्या, सिंक, शेगड्या काढायच्या आणि विकायच्या. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात चालू स्थितीतली स्वयंपाकघरं उकिरड्यावर जात होती, आणि त्यांना गिऱ्हाईकही होतं. होनेगर आणि बूझर यांना २०२० साली प्री मेरेट ओपनहाइम हा स्विस सरकारचा कलेचा सन्मान मिळाला.

पेढी आणि के.११८ यांत एक मोठा फरक आहे. पेढीत सामान आधी येतं, गिऱ्हाईक नंतर. दार भिंतीला टेकून उभं असतं, कोणी तरी येईल आणि त्याच मापाची चौकट घेऊन येईल याची वाट बघत. दारं-बेसिन यांना हे चालतं. चाळीस फुटी तुळई अशी वाट बघत उभी करता येत नाही. तिला काढायच्या आधीच ती कुठे जाणार हे माहीत हवं.

म्हणून या कार्यालयाने एक नवं काम निर्माण केलं. त्याचं जर्मन नाव 'बाउटाइलयेगर', सुट्या भागांचा शिकारी. हा माणूस पाडकामाच्या नोटिसा वाचतो, मालकांना फोन करतो, इमारतीत जाऊन प्रत्येक वस्तूचं माप घेतो, फोटो काढतो, ती सुटेल कशी ते बघतो आणि मागे येऊन आराखडा काढणाऱ्याला सांगतो: एवढं मिळतंय, अमुक तारखेच्या आत काढायचं आहे, हवं का? या प्रश्नाचं उत्तर आठवडाभरात द्यावं लागतं. पोकलेन कुणासाठी थांबत नाही, तिकडचंही नाही.

आपल्याकडे हे काम करणारी माणसं आहेतच. कुठला वाडा कधी उतरणार, त्यात बर्माचं साग आहे की साधं, हे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला महानगरपालिकेच्याही आधी कळतं. पण तो स्वतःच्या वखारीसाठी शिकार करतो. आराखडा काढणारा माणूस त्याच्या फोनमध्ये नसतो.

कुठून काय आलं

सांगाड्याचं पोलाद बासेलहून आलं. तिथे लिझब्युखेल भागात 'कोप' या मोठ्या किराणा साखळीचं वितरण केंद्र होतं, ते उतरवताना त्याच्या तुळया मिळाल्या. मग जिन्यासारखाच प्रसंग: खांबांमधलं अंतर तुळयांच्या लांबीवरून आणि ताकदीवरून ठरवावं लागलं. नेहमीच्या पद्धतीत आपण आधी खोल्या काढतो, खोल्यांवरून खांब, खांबांवरून तुळई आणि तुळईचा सेक्शन पुस्तकातून निवडतो. इथे पुस्तक नाही. वखारीत जे आहे तेच पुस्तक.

जुन्या पोलादाबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा. पोलाद वयाने म्हातारं होत नाही. गंज लागला नसेल आणि ते सतत हादरे खात राहिलेलं नसेल, तर पन्नास वर्षांची तुळई नव्याइतकाच भार घेते. अडचण कागदाची असते. ते कुठल्या प्रतीचं आहे, हे कोण लिहून देणार? मूळ नकाशे मिळाले तर निम्मं काम होतं. नाही मिळाले तर तुकडा कापून प्रयोगशाळेत ताणून बघावा लागतो. आणि सही शेवटी एका अभियंत्यालाच करावी लागते. नवी तुळई घेतली की तिच्यासोबत कारखान्याचं प्रमाणपत्र येतं आणि जबाबदारी वाटली जाते. जुनी घेतली की ती एकट्याच्या डोक्यावर. हे वाक्य लिहिताना माझ्या ओळखीचे तीन-चार स्ट्रक्चरल इंजिनियर डोळ्यांसमोर आले. त्यांतला एकही सही करणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

खिडक्यांचा प्रश्न वेगळा. काही खिडक्या सुल्झरच्याच जुन्या कारखान्यातून आल्या, काही ओरियॉनमधून. मापं अर्थातच एकसारखी नाहीत. मोठ्या इमारतीत एकाच मापाच्या दोनशे खिडक्या लावायची सवय असलेल्या माणसाला हे डोकेदुखीचं वाटेल. तोडगा साधा काढला. बाहेरच्या भिंती लाकडी चौकटींच्या केल्या, आधी सुताराच्या कारखान्यात तयार करून आणलेल्या. प्रत्येक खिडकीला तिच्या मापाचं भोक. लाकूड कापायला सोपं, काँक्रीटसारखं एकदा ओतलं की संपलं असं नाही. चौकटींच्या पोकळीत गवताचा पेंढा दाबून भरला आणि आतून मातीचा गिलावा. पेंढ्यामुळे थंडी अडते, माती ओलावा धरते आणि सोडते. कोकणातल्या किंवा देशावरच्या कुडाच्या भिंतीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच की ही भिंत चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवर आहे आणि तिच्यावर आगीचे नियम लागू होतात.

भिंतीवर बाहेरून लाल पत्रे आहेत. विंटरथूरमधल्याच एका छापखान्याच्या अंगावर ते होते. इमारतीचा लाल रंग हा कुणा कलावंताचा निर्णय नाही. छापखान्याला लाल आवडला होता, म्हणून के.११८ लाल. ओरियॉनने जिना आणि खिडक्यांखेरीज आणखी एक गोष्ट दिली. तिच्या दर्शनी भिंतीला ग्रॅनाइटचे तक्ते लावलेले होते. ते इथे आडवे होऊन बाहेर पायाखाली आले. भिंतीवरचा दगड जमिनीवर. शहाबादी फरशी उपटून ओट्याला लावणाऱ्या आपल्या गवंड्याला हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

सगळंच जुनं आहे असं मात्र नाही. मजल्यांच्या स्लॅबसाठी काँक्रीट नवं ओतावं लागलं. एकमेकांवरचे मजले, त्यांच्यामधला आवाज, आग, आडवा भार हे सगळं सांभाळायला जड काहीतरी हवं असतं, आणि काँक्रीटचा स्लॅब उचलून दुसरीकडे नेणं हे अजून फार थोड्यांना जमलेलं आहे. जुन्या काँक्रीटची खडी होते, स्लॅब होत नाही.

हिशेब

या कामाचा अभ्यास झुरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाने केला. सगळं सामान नवं घेऊन हीच इमारत बांधली असती, तर जेवढा कर्बवायू बाहेर पडला असता, त्याच्या सुमारे ६० टक्के वाचला. आकड्यात, साधारण ५०० टन. त्यात मोठा वाटा पोलादाचा असणार हे उघड आहे, कारण पोलाद नव्याने करायचं म्हणजे खनिजापासून भट्टीपर्यंत सगळं आलं.

पैशात काय वाचलं? जवळपास काही नाही. नव्या सामानाच्या इमारतीला जेवढा खर्च आला असता, साधारण तेवढाच आला. काही सामान स्वस्तात मिळालं, पण ते सोडवायला माणसं लागली, वाहून न्यायला गाड्या लागल्या, ठेवायला जागा लागली, साफ करायला, दुरुस्त करायला आणि परत परत आराखडा बदलायला तास लागले. नव्या इमारतीत जो पैसा पोलादाच्या कारखान्याला गेला असता, तो इथे मजुरांना, सुतारांना आणि आराखडा काढणाऱ्यांना गेला.

मला या प्रकरणात हा सगळ्यात मोलाचा आकडा वाटतो. 'जुनं सामान म्हणजे स्वस्त' या समजुतीवर उभी राहिलेली प्रत्येक योजना पहिल्या टेम्पोच्या भाड्याला कोसळते. दानाचंही तसंच. देणारा म्हणतो, 'फुकट घेऊन जा.' घेणाऱ्याला ते फुकट कधीच पडत नाही.

आणखी एक किंमत आहे, ती पैशात मोजता येत नाही: अनिश्चितता. आराखडा शेवटपर्यंत उघडा ठेवावा लागतो. खिडकी सापडली नाही तर भिंत बदलते, तुळई आखूड निघाली तर खांब सरकतो. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे 'दर्शनी भागाचा रंग अजून ठरायचा आहे, कारण पत्रा अजून सापडायचा आहे' असं म्हणून बघा. याच कार्यालयाने २०२० साली 'झिर्क्युलार' नावाची वेगळी कंपनी काढली, ती फक्त या जुन्या सामानाच्या नियोजनाचं काम करते. म्हणजे शिकार हा आता जोडधंदा राहिलेला नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे पाडकामाचा व्यवहार उलट्या दिशेने चालतो. स्वित्झर्लंडमध्ये इमारत पाडायला मालक पैसे देतो. पुण्या-मुंबईत पाडकामाचा ठेकेदार बहुतेकदा मालकाला पैसे देतो, कारण आतलं सळईचं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांब्याची वायर, सागवानी चौकटी यांत त्याची कमाई असते. म्हणजे आपल्या शहरांत जुन्या इमारतीला आधीच किंमत आहे, बाजार आहे, हात आहेत. चौकट न चिरता काढणारा मजूर आपल्याकडे सहज मिळतो. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या फर्निचरला दुसरा जन्म मिळतो. वाड्याचे खांब शेतावरच्या बंगल्यात जातात. 'आपण काहीच वाया घालवत नाही' असं आपण म्हणतो, ते यामुळे.

ते अर्धवट खरं आहे. लोखंड वाया जात नाही, पण ते लोखंड म्हणून वाचतं, तुळई म्हणून नाही. गॅस कटरने फूट-दोन फुटाचे तुकडे होतात आणि ते जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांमध्ये जातात. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. सरळ, शाबूत, नट-बोल्ट सोडले की हातात येणारी तुळई आपण तापवून परत सळई करतो आणि त्याला पुनर्वापर म्हणतो. बिडाचे जुने खांब, साग, कोरीव दार यांना आपण ओळखतो, कारण ती जुनी दिसतात. १९८५ च्या ऑफिस इमारतीतल्या गोष्टी जुन्या दिसत नाहीत, नुसत्या वापरलेल्या दिसतात: स्लायडिंग खिडक्या, काचेची पार्टिशन, फ्लश दारं, फॉल्स सीलिंगचे चौकोन, कोटा फरशी. त्यांना ना संग्राहक, ना भट्टी. ती राडारोड्यात जातात.

नियम आहेत. २०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असं वेगवेगळं करायचं, हे ठरवून दिलं. पण नियम सुरूच होतो तो 'कचरा' या शब्दापासून. दार कचरा होण्याच्या आधीचा जो महिना असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ साली नेमका तो महिना पकडला: १९१६ किंवा त्याआधी बांधलेली घरं यंत्राने पाडायची नाहीत, हाताने सोडवायची, पुढे ही मर्यादा १९४० पर्यंत आणली. कायदा घरांपुरता आहे, कार्यालयांना नाही. पण शहरात दानाचं सामान घेणारी दुकानं आधीपासून होती, म्हणूनच तो चालू शकला. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचं पहिलं री-स्टोअर १९९१ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये उघडलं. आता अशी दुकानं उत्तर अमेरिकेत गावोगाव आहेत. अमेरिकेत देणाऱ्याला मूल्यांकन करून करात सूट मागता येते. त्यामुळे तिथे देणाऱ्याला कारण आहे आणि घेणाऱ्याकडे छप्पर आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तो फार गौरवाचा नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका तीन मजली कार्यालयाच्या पाडकामाशी माझा संबंध आला. चाळीसेक फ्लश दारं होती, उत्तम स्थितीत, बिजागऱ्या आणि कुलपांसकट. मालक भले गृहस्थ. म्हणाले, 'कुठे देणार असाल तर द्या, मला काही नको.' त्याच सुमारास भोरकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक दारांसाठी कुणाकुणाला विचारत होते. मला वाटलं, झालंच काम.

मालकाने करार आधीच केला होता आणि त्यात 'आतील सर्व साहित्य ठेकेदाराचे' असं स्पष्ट लिहिलं होतं. ठेकेदाराने चाळीस दारं धरूनच भाव दिला होता. तो म्हणाला, 'साहेब, दान तुम्ही करताय, पैसे माझे जातात.' त्याचं काही चुकलं नव्हतं. बोलाचालीत चार दिवस गेले. मग टेम्पो ठरवला, तेव्हा सरांनी फोनवर चौकटीची मापं सांगितली. ऑफिसचं दार तीन फुटांचं, सात फूट उंच. शाळेच्या चौकटी साडेसहा फुटी. फ्लश दाराच्या कडेला जेमतेम इंचभर लाकडाची पट्टी असते. सहा इंच कापलं की आतला पोकळ भाग उघडा पडतो आणि पहिल्या पावसाळ्यात दार फुगतं. त्याला खालून नवी पट्टी बसवता येते, पण चाळीस दारांना ती बसवणारा सुतार आणि त्याची मजुरी हे कुणीच धरलं नव्हतं. सोमवारी सकाळी पोकलेन आलं. शाळेला शेवटी दोन हिरवे फळे आणि सरांच्या खोलीसाठी एक दार गेलं. त्या एका चौकटीचं माप नशिबाने जुळलं.

मी बराच काळ ही गोष्ट 'ठेकेदार अडून बसला' अशी सांगत होतो. ओरियॉनच्या जिन्याबद्दल वाचल्यावर ती वेगळी दिसायला लागली. विंटरथूरला कुणी जास्त उदार नव्हतं. तिथे घेणाऱ्याचं माप देणाऱ्याच्या दारात पाडकामाच्या करारापूर्वी पोहोचलं होतं, आणि जिथे माप जुळलं नाही तिथे नव्या इमारतीने आपलं माप बदललं. मी चाळीस दारं घेऊन चौकट शोधत निघालो होतो. शाळेचं बांधकाम तेव्हा जोत्यापर्यंत आलेल्या दोन नव्या वर्गांचंही होतं, आणि त्यांच्या चौकटी अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या सात फुटी करायला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही, कारण मला ते वर्ग माहीतच नव्हते. मी विचारलंच नव्हतं.

आता पाडकामाच्या करारात मी मालकांना एक कलम घालायला सांगतो: ठेकेदाराने भाव दोन द्यायचे, एक सगळ्या साहित्यासकट आणि दुसरा यादीतल्या वस्तू वगळून. यादी करार होण्याच्या आधी, इमारत रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी करायची. दोन भावांतला फरक म्हणजे दानाची खरी किंमत. मालकाला ती बघून हो किंवा नाही म्हणता येतं, आणि ठेकेदाराचा पैसा बुडत नाही. तीन ठिकाणी हे कलम घातलं. एका मालकाने फरकाचा आकडा बघून नाही म्हटलं, तेही मला मान्य आहे.

भोरच्या सरांची पुढे बदली झाली. नव्या बाईंनी या खेपेला मला फोन न करता थेट एक कागद पाठवला. वर्गाचा क्रमांक, चौकटीची रुंदी, उंची, दार कुठल्या हाताला उघडतं, आणि शेवटच्या रकान्यात 'चौकट अजून बसवायची आहे, माप बदलता येईल' अशी खूण. अशा खुणा पाच ठिकाणी आहेत. कागदाची घडी माझ्या गाडीत, आरसीच्या पाकिटात असते.